ठाणे जिल्ह्याचा पहिला उद्देशात्मक नकाशा : नजरेला पटेल असा कसा काढावा

भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला किंवा जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे काढण्याच्या तंत्राच्या, पहिल्या सत्राला विद्यार्थी जो पहिला नकाशा काढतात, तो बहुधा आपल्याच जिल्ह्याचा असतो आणि विषय असतो लोकसंख्येचा. असा एकच विषय दाखवणारा नकाशा म्हणजे उद्देशात्मक नकाशा. कळवा, डोंबिवली, ऐरोली, नेरूळ इथली मुलं माझ्याकडे असे नकाशे दाखवायला आणतात. मेहनत भरपूर घेतलेली असते. पण कागद हातात घेतला की नजर आधी जाते जाड काळ्या चौकटीवर, मग नक्षीदार दिशाबाणावर आणि मग भडक रंगातल्या शहापूरवर. शहापूर हा जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वात मोठा तालुका, पण लोकवस्ती विरळ. तिकडे जी दाटी आहे असं वाटतं, ती रंगाची असते, माणसांची नव्हे.

मी मुलांना एकच कसोटी देतो : आकड्यांत जेवढा फरक आहे, तेवढाच डोळ्याला जाणवला पाहिजे. कमीही नको, जास्तही नको. खालच्या सगळ्या पायऱ्या या कसोटीतूनच निघाल्या आहेत. नकाशा क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये काढा की हाताने ट्रेसिंग पेपरवर, पायऱ्या त्याच.

पहिली पायरी : नकाशाचं वाक्य लिहा

संगणक सुरू करण्याआधी वहीत एक वाक्य लिहायचं. ‘ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या’ हे वाक्य नाही, तो विषय झाला. ‘जिल्ह्यातले जवळपास निम्मे लोक एकट्या ठाणे तालुक्यात राहतात’ हे वाक्य. २०११च्या जनगणनेनुसार आजच्या ठाणे जिल्ह्याच्या सात तालुक्यांत मिळून ८० लाख ७० हजार लोक होते आणि त्यातले ३७ लाख ८७ हजार ठाणे तालुक्यात. म्हणजे सुमारे ४७ टक्के. ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर या तिन्ही महानगरपालिका याच एका तालुक्यात येतात, त्यामुळे हा आकडा एवढा फुगतो.

वाक्य लिहिलं की बरेच निर्णय आपोआप होतात. रेल्वेमार्ग दाखवायचा का? दाट वस्ती रेल्वेच्या कडेने कशी पसरली हे सांगायचं असेल तर हो, नाहीतर नको. प्रत्येक गावाचं नाव हवं का? नको. वाक्याला मदत न करणारी प्रत्येक रेघ नजरेला दुसरीकडे ओढते.

दुसरी पायरी : आकडे आणि हद्दी एकाच काळातले घ्या

इथे नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा वेगळा झाला. जनगणना मात्र २०११ची. तिच्या तक्त्यात ‘ठाणे’ म्हणजे पंधरा तालुक्यांचा जुना जिल्हा, लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार, क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर. इंटरनेटवरून उतरवलेली हद्दीची फाइल बहुधा नव्या जिल्ह्याची असते, ४,२१४ चौरस किलोमीटरची. दोन्ही जोडली तर घनता येते दर चौरस किलोमीटरला २,६०० च्या पुढे. जुन्या जिल्ह्याची खरी घनता होती साधारण १,१५७ आणि आजच्या सात तालुक्यांची येते साधारण १,९१५. म्हणजे जो आकडा कुठल्याच ठाण्याचा नव्हता, तोच नकाशावर रंगतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण नाव दोन्हीकडे ‘ठाणे’च असतं.

उपाय सोपा आहे. तालुक्यांचे आकडे घ्या आणि जिल्ह्याची बेरीज स्वतः करा. शिवाय तक्ता आणि हद्दी जोडताना नावावर विसंबू नका. एका फाइलीत ‘शहापूर’, दुसरीत ‘शहापुर’; एकीकडे ‘अंबरनाथ’, दुसरीकडे ‘अंबरनाथ ’ असं शेवटी एक मोकळी जागा सुटलेलं. माणसाला दोन्ही एकच, संगणकाला वेगळी. जनगणनेचा सांकेतिक क्रमांक वापरून जोडा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि ठाणे जिल्ह्याचा ५१७ होता. तालुक्यांनाही असेच क्रमांक असतात.

क्षेत्रफळ काढताना आणखी एक खड्डा आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या पद्धतीला प्रक्षेपण म्हणतात. ऑनलाइन नकाशे ज्या वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, त्यात ठाण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के फुगतं. त्या फाइलीवर सरळ सपाट क्षेत्रफळ मोजलं तर ४,२१४ चे ४,७०० होतात आणि घनता १,९१५ वरून १,७०० पर्यंत खाली येते. आधी फाइल यूटीएम या प्रक्षेपणाच्या ‘४३ उत्तर’ या पट्ट्यात आणा (सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) आणि मग मोजा. आपलं ठाणे, नवी मुंबई सगळं याच पट्ट्यात येतं.

तिसरी पायरी : मोजलेला आकडा वर्तुळात, प्रमाण छटेत

हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. किती माणसं, किती शाळा, किती टँकर ही मोजदाद झाली. ती आकाराने दाखवायची. दर चौरस किलोमीटरला किती, दर हजारी किती, टक्केवारी किती हे प्रमाण झालं. ते छटेने दाखवायचं. छटेच्या नकाशाला आपल्या पाठ्यपुस्तकात क्षेत्रघनी नकाशा म्हणतात.

कारण डोळ्यात आहे. रंगवलेलं क्षेत्र जितकं मोठं, तितकं ते नजरेला जास्त वाटतं. एकूण लोकसंख्येची छटा दिली तर तालुक्याच्या आकाराची आणि लोकसंख्येची भेसळ होते. उल्हासनगर तालुका जेमतेम १३ चौरस किलोमीटरचा, त्यात पाच लाख लोक. दर चौरस किलोमीटरला ३८,००० च्या आसपास. एकूण लोकसंख्येच्या नकाशात उल्हासनगर एक फिका ठिपका दिसतो. घनतेच्या नकाशात तो गडद होतो, आणि व्हायलाच हवा.

फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञ झाक बर्तँ यांनी १९६७ मध्ये ही गोष्ट नीट मांडली. स्थान, आकारमान, छटेची गडदता, पोत, रंग, दिशा आणि आकृती ही चिन्हं बदलण्याची साधनं आहेत आणि प्रत्येक साधन एकेका प्रकारची माहिती सांगायला योग्य असतं. त्यातलं आजच्या कामापुरतं एवढं धरा : आकारमान ‘किती’ सांगतं, गडदता ‘कमी-जास्त’ सांगते, रंग आणि आकृती ‘कुठला प्रकार’ सांगतात. भातशेती, जंगल, औद्योगिक पट्टा यांना वेगवेगळे रंग द्या. घनतेच्या चार वर्गांना चार वेगळे रंग देऊ नका. लाल हा जांभळ्यापेक्षा जास्त की कमी, हे कुणाचाही डोळा सांगू शकत नाही.

चौथी पायरी : वर्तुळं काढताना गणित करा

एकूण लोकसंख्येच्या वर्तुळांचं गणित ठाण्याच्याच आकड्यांवर करून पाहू. २०११चे तालुके, लाखांत : ठाणे ३७.८७, कल्याण १५.६५, भिवंडी ११.४१, अंबरनाथ ५.६५, उल्हासनगर ५.०६, शहापूर ३.१४, मुरबाड १.९१.

ठाणे मुरबाडच्या जवळपास २० पट. मुरबाडला ४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ दिलं तर ठाण्याला किती? बहुतेक जण २० ने गुणतात आणि ८० मिलिमीटर म्हणतात. तसं वर्तुळ काढून बघा, ते ए-फोर कागदावर मुंबई उपनगरही गिळतं. व्यास २० पट केला की क्षेत्रफळ ४०० पट होतं, आणि डोळा क्षेत्रफळ पाहतो. म्हणून वर्गमूळ घ्यायचं. २० चं वर्गमूळ साधारण ४.५, म्हणजे ठाण्याचं वर्तुळ १८ मिलिमीटरचं. मोठी वर्तुळं माणसाला प्रत्यक्षापेक्षा थोडी लहान भासतात, म्हणून अमेरिकी नकाशाशास्त्रज्ञ जेम्स फ्लॅनरी यांनी वर्गमुळाच्या, म्हणजे ०.५ च्या, घातांकाऐवजी ०.५७ च्या आसपासचा घातांक सुचवला. त्या हिशोबाने २२ मिलिमीटर येतात. क्यूजीआयएसच्या आकार-सहाय्यकात पृष्ठफळ आणि फ्लॅनरी हे दोन्ही पर्याय आहेत. दोन्हीपैकी कोणताही चालेल. त्रिज्येचा पर्याय मात्र घेऊ नका.

सूचीत, म्हणजे चिन्हांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीत, एकच वर्तुळ ठेवू नका. तीन ठेवा, एकात एक, तळाशी टेकलेली : २, १० आणि ३५ लाख. वाचकाला मधल्या आकाराचा अंदाज घेता आला पाहिजे. वर्तुळं एकमेकांवर आली तर घाबरू नका. लहान वर्तुळ वर, मोठं खाली, कडेला बारीक पांढरी रेघ, आणि भरणाची पारदर्शकता थोडी वाढवा.

पाचवी पायरी : वर्ग पाडणं

वर्तुळांचे ठरावीक चारच आकार ठेवायचे असोत की छटेचे चार टप्पे, आकडे कुठे कापायचे हा प्रश्न येतोच. नकाशा बदलतो तो इथे. वरचेच सात आकडे घ्या आणि समान अंतराने चार वर्ग पाडा. सीमा येतात १०.९, १९.९ आणि २८.९ लाख. खालच्या वर्गात मुरबाडपासून अंबरनाथपर्यंत चार तालुके, दुसऱ्यात भिवंडी आणि कल्याण, तिसरा वर्ग साफ रिकामा, चौथ्यात एकटं ठाणे. सूचीत असलेला आकार नकाशावर कुठेच सापडत नाही आणि वाचक तो शोधत बसतो.

दुसरी पद्धत समान संख्येची. प्रत्येक वर्गात जवळपास सारखे तालुके. नकाशा छान संतुलित दिसतो, पण कल्याण आणि ठाणे एकाच वर्गात जाऊन बसतात. एक १५ लाखांचा, दुसरा ३७ लाखांचा, आणि डोळ्याला दोन्ही सारखे.

तिसरी पद्धत अमेरिकी नकाशाशास्त्रज्ञ जॉर्ज जेंक्स यांच्या नावाने ओळखली जाते. ती आकड्यांमधल्या नैसर्गिक फटी शोधते. आपल्या आकड्यांवर ती चालवली तर खालचे चार तालुके एकत्र येतात आणि भिवंडी, कल्याण, ठाणे प्रत्येकी एकटे पडतात. गणित बरोबर आहे, पण मुरबाड आणि अंबरनाथ यांच्यात तिपटीचा फरक असूनही ते एकाच आकारात दिसतात. माझा वाचक त्याच जिल्ह्यातला असेल तर मला ते पटत नाही. मी हाताने ४, १० आणि २० लाख अशा गोल सीमा घेतो : मुरबाड-शहापूर, अंबरनाथ-उल्हासनगर, भिवंडी-कल्याण, आणि ठाणे. प्रत्येक वर्गात कुणीतरी आहे, आणि शेजारी बसलेले खरोखर एकमेकांसारखे आहेत.

सॉफ्टवेअरने आपणहून दिलेले वर्ग तसेच ठेवू नका, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं. आधी सातही आकडे एका रेघेवर टिंबांनी मांडा. फटी तुम्हालाच दिसतील. चार किंवा पाच वर्ग पुरे. सहाव्यानंतर नकाशावरची छटा सूचीतल्या छटेशी जुळवणं डोळ्याला जड जातं.

सहावी पायरी : छटा निवडणं

फिका म्हणजे कमी, गडद म्हणजे जास्त. पॅरिसमध्ये १८२६ साली शार्ल द्युपँ यांनी फ्रान्समधल्या शिक्षणाचा छटेचा नकाशा काढला, त्यात गडद भाग शिक्षणाने मागास होते. तिथे गडद म्हणजे अज्ञान जास्त, असा अर्थ होता. म्हणजे ‘जास्त’ कशाचं हे तुम्ही ठरवा, पण गडद म्हणजे जास्त हे मोडू नका.

एकाच रंगाच्या छटा घ्या. आकड्यांना मधोमध अर्थपूर्ण बिंदू असेल, उदाहरणार्थ वाढ आणि घट, तरच दोन बाजूंना दोन रंग आणि मध्ये फिका. ठाणे आणि नवी मुंबईच्या नकाशात निळा रंग टाळा. खाडी आधीच निळी असते आणि मग घनसोली बुडालेली दिसते. सगळ्यात खालच्या वर्गाला पांढरा रंग देऊ नका, पांढरं म्हणजे माहिती नाही असं वाटतं. माहिती नसलेल्या भागाला फिक्या राखाडीवर तिरक्या रेघा द्या.

लाल-हिरवा नकाशा मी स्वतः एकदा केला होता. पाणी कुठे पुरेसं येतं आणि कुठे नाही, याचा प्रभागवार नकाशा एका बैठकीसाठी हवा होता. पडद्यावर फार स्वच्छ दिसत होता. बैठकीला मात्र तो झेरॉक्स काढून वाटला गेला, काळ्या-पांढऱ्यात, आणि समोरच्या बाईंनी विचारलं, ‘सर, यात आमच्याकडे पाणी येतं की नाही येत?’ शुद्ध लाल आणि मध्यम गडद हिरवा यांची राखाडी छटा जवळजवळ एकच येते, हे मी तेव्हा शिकलो. ज्यांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही अशा लोकांनाही तो नकाशा तसाच दिसला असणार, आणि असे लोक, विशेषतः पुरुष, शाळा-कॉलेजच्या बऱ्याच वर्गांत एखादा तरी सापडतो. तेव्हापासून प्रत्येक नकाशाची एक काळी-पांढरी प्रत मी काढतोच.

सातवी पायरी : जिथे माणूसच राहत नाही तो भाग

ठाणे तालुक्यावर एकसारखी गडद छटा दिली की येऊरचं जंगल, पारसिकचा डोंगर, खाडीकाठची खारफुटी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक जमीन, सगळीकडे सारखीच गर्दी आहे असं दिसतं. शहापुरातही तानसा आणि भातसाच्या जलाशयांवर माणसं पसरतात. आकडा खोटा नाही, पण नजरेला मिळालेलं चित्र खोटं आहे. जंगल, पाणी आणि खारफुटी वरून वेगळ्या थराने झाकून टाका. जमलं तर घनता काढतानाच हे क्षेत्र वजा करा आणि तसं नकाशाखाली स्पष्ट लिहा.

टिंब पद्धतीत हीच चूक आणखी उघडी पडते. एक टिंब म्हणजे १,००० लोक धरलं तर नवी मुंबईला सुमारे १,१२० टिंबं लागतात. सॉफ्टवेअर ती हद्दीत कुठेही फेकतं, काही थेट खाडीत, रोहित पक्ष्यांच्या शेजारी. टिंबं टाकण्याआधी वस्तीचा भाग कापून घ्या आणि टिंबं तेवढ्याच भागात पडू द्या. टिंबाचं मूल्य असं निवडा की दाट भागात टिंबं एकमेकांना टेकायला लागतील, पण चिखल होणार नाही. टिंबांत ताकद असते. लंडनच्या सोहो भागात १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याच्या मृत्यूंची नोंद नकाशावर केली आणि ती एका पंपाभोवती गोळा झालेली दिसली.

आठवी पायरी : देवनागरी अक्षरं

नकाशावरच्या अक्षरांचे बहुतेक नियम रोमन लिपीसाठी लिहिलेले असतात. तिथे मोठी अक्षरं आहेत, तिरपी अक्षरं पाण्यासाठी वापरायची पद्धत आहे, आणि प्रदेशाचं नाव पसरवायला अक्षरांमध्ये अंतर वाढवतात. आपल्याकडे ही तिन्ही साधनं नाहीत किंवा चालत नाहीत. विशेषतः अक्षरांतलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि ‘शहापूर’ चार वेगवेगळ्या तुकड्यांत वाचावं लागतं.

मग दर्जा कशाने दाखवायचा? जाडी, आकार आणि रंगाने. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे युनिकोड फॉन्ट घ्या, त्यात बारीक ते जाड अशा अनेक जाड्या मिळतात. जिल्हा जाड, तालुका मध्यम, नदी बारीक आणि निळसर. उल्हास, काळू, भातसा यांची नावं नदीच्या वळणावर वळवू नका. सॉफ्टवेअर एकेक अक्षर फिरवतं आणि शिरोरेषा पायऱ्यांसारखी दिसते. नदीचा सरळसा तुकडा शोधा आणि नाव त्याला समांतर ठेवा.

आणखी एक गोष्ट जवळून पाहायला हवी. अक्षराभोवती पांढरी कड दिली की ते छटेवर उठून दिसतं, पण कड जाड झाली की ती शेजारच्या अक्षराची मात्रा खाते. पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि शुद्ध पांढऱ्याऐवजी खालच्या छटेचाच फिका रंग द्या. छपाई झाल्यावर ‘भिवंडी’ हा शब्द भिंग घेऊन तपासा. अनुस्वार गेला की भिवडी होते, आणि भिवडी हे पुरंदर तालुक्यातलं वेगळंच गाव आहे. ‘उल्हासनगर’ मधला ‘ल्हा’ नीट जोडला गेला आहे ना, ‘कल्याण’ मधला ‘ल्या’ सुटा पडला नाही ना, हेही पाहा. पीडीएफ करताना जोडाक्षरं फुटण्याचा प्रकार अजूनही होतो.

उल्हासनगर, अंबरनाथ ही लांब नावं लहान तालुक्यांवर बसत नाहीत. नाव बाहेर ठेवून बारीक रेघेने जोडा, किंवा शहरी तालुक्यांसाठी मोठ्या प्रमाणाचा छोटा उपनकाशा बाजूला काढा. मला उपनकाशा जास्त आवडतो, कारण उल्हासनगरची छटा तिथेच नीट दिसते.

नववी पायरी : मांडणी

इथे फार वेळ घालवू नका. जिल्हा छटेत, शेजारचे पालघर, नाशिक, अहिल्यानगर, पुणे, रायगड आणि मुंबई उपनगर फिक्या राखाडीत, नावं बारीक. तालुक्यांच्या हद्दी पांढऱ्या आणि पातळ. काळ्या जाड हद्दी छटेला मारतात. शीर्षकात काय, कुठे आणि कधी : ‘ठाणे जिल्हा : तालुकावार लोकसंख्येची घनता, २०११’. ‘नकाशा’ हा शब्द शीर्षकात नको, तो दिसतोच आहे. सूचीचं शीर्षक ‘सूची’ असं न ठेवता ‘दर चौ. किमी लोकसंख्या’ असं ठेवा. प्रमाण पट्टीने दाखवा; ‘१ : ५,००,०००’ असं संख्यारूपी प्रमाण नकाशा लहान-मोठा केला की चुकतं. दिशाबाण लहान आणि साधा. परीक्षेत गुण जातात म्हणून तो असू द्या. आकड्यांचा स्रोत आणि वर्ष खाली डाव्या कोपऱ्यात.

दहावी पायरी : दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहा

तीनशे डीपीआयवर छापा. भिंतीला चिकटवा, सहा फूट मागे सरा आणि डोळे थोडे किलकिले करा. जे आधी दिसतं ते तुमच्या वहीतल्या वाक्यातलं आहे का? नसेल तर काहीतरी जास्त ओरडतंय : चौकट, बाण, पाण्याचा निळा किंवा नावांचा जाडपणा. ते फिकं करा आणि परत छापा.

मग शीर्षकावर कागदाची पट्टी ठेवून नकाशा घरातल्या कुणालातरी द्या. माझ्याकडे हे काम आई करते. तिचं वय सत्तर, ठाण्यात पन्नास वर्षं राहिलेली, नकाशाशास्त्राचा संबंध नाही. मी एवढंच विचारतो, ‘सगळ्यात जास्त गर्दी कुठे आहे, आणि सगळ्यात कमी?’ ती उत्तर द्यायच्या आधी सूचीकडे किती वेळा बघते ते मी मोजतो. एकदा किंवा दोनदा बघितलं तर ठीक. पाचव्यांदा तिची नजर खाली गेली की मी कागद परत घेतो आणि वर्गांच्या सीमा पुन्हा मांडायला बसतो.